मनुक्यांचा शिरा

आमच्या परकोटाच्या आत, म्हणजे चंद्रपूरच्या जुन्या वस्तीत, दर वर्षी मार्च सरता सरता मोहफूल महोत्सव भरतो. दर वर्षी म्हणजे गेली चार वर्षं. पण ‘आपली परंपरा’ ही अक्षरं पहिल्याच वर्षीच्या बॅनरवर होती. परंपरा सुरू करायची तर ती पहिल्या दिवसापासून जुनी असलेली बरी, असा विचार असावा. वस्तीत मोहाचं एकही झाड नाही. त्यामुळे दरवाज्याच्या कमानीला निळेहिरवे दिवे लावतात, तटाच्या भिंतीला टेकवून मंडप घालतात आणि मंडपाच्या तोंडाशी कुंडीत एक रोप ठेवतात. पहिल्या वर्षी ते चिकूचं निघालं. चिकू आणि मोह एकाच कुळातले, पानंही थोडी मिळतीजुळती, तेव्हा रोपवाटिकेला दोष देता येणार नाही. पाहुण्यांनी त्याला पाणी घातलं, टाळ्या झाल्या, चिकूनेही काही हरकत घेतली नाही.

मी हा सोहळा गच्चीवरून बघत असे. आमचं घर तटालगतच्या गल्लीत आहे. भाषणं घरबसल्या ऐकू येतात, न ऐकण्याची सोय तेवढी नाही. ‘मोह म्हणजे केवळ दारू नव्हे’ हे वाक्य एका संध्याकाळी मी अकरा वेळा मोजलं होतं. नवव्या खेपेनंतर मागच्या रांगेतले दोघं-तिघं घसा कोरडा पडल्यासारखे उठून गेले. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे, आमच्याकडे ती आली आणि गेली. मोहाची फुलं दोन्हीकडे पूर्वीसारखीच पडतात. पहाटे, कोणाला न विचारता.

यंदा मात्र मला गच्चीवरून खाली उतरावं लागलं, कारण बाई येणार होत्या.

बाई म्हणजे कोण ते सांगायला तीस वर्षं मागे जावं लागेल. माझी पहिली नेमणूक गडचिरोलीतल्या धानोऱ्याच्या पुढे, जंगलातल्या तीसेक घरांच्या एका गोंड गावात झाली. एकशिक्षकी शाळा, आणि तो एक शिक्षक म्हणजे मी. राहायला बाईंच्या घराची एक खोली मिळाली. गावात शिकवणाऱ्या बाईला बाई म्हणतात, म्हणून त्या मला बाई म्हणायच्या. वयाने मोठ्या बाईला बाईच म्हणायचं असतं, म्हणून मी त्यांना बाई म्हणायची. अंगणातून कोणी ‘बाई’ म्हणून हाक मारली की दोघीही बाहेर यायचो. घरात त्या गोंडी बोलायच्या, माझ्याशी झाडीपट्टीकडची मराठी. माझी मराठी त्यांना फार गमतीची वाटे. “तू बोलतं तं कोनी कागद वाचून राह्यलं असं वाटते,” त्या म्हणायच्या.

त्या पहिल्या मार्चमध्ये माझा बदलीचा अर्ज नामंजूर होऊन आला. तीन दिवस मी खोलीत बसून रडले. शाळा तेवढी वेळेवर उघडली, रडणं शाळेनंतर. बाई रोज संध्याकाळी दाराशी येऊन बसायच्या. समजूत वगैरे काही घालायच्या नाहीत. टोपली विणायच्या नाहीतर चिंचा फोडायच्या. चौथ्या दिवशी मला माझीच लाज वाटली आणि मी ठरवलं की या बाईला आपण काहीतरी करून खाऊ घालायचं. आठ महिन्यांत मी त्यांच्या चुलीवर फक्त चहा केला होता.

घरून आणलेला रवा होता, तूप होतं, साखर होती. मनुके नव्हते. अंगणात बाईंनी वेचून आणलेली मोहाची फुलं वाळत होती. पहाटे पडतात तेव्हा ती पिवळट पांढरी, मोत्यांसारखी असतात. उन्हात तीन-चार दिवस राहिली की आक्रसून तांबूस होतात, अगदी मनुक्यांसारखी. मी ओंजळभर उचलली, धुतली, झटकली, तुपात परतली आणि शिऱ्यात टाकली. बाईंना पानावर वाढून म्हटलं, “मनुके घातलेत. आमच्याकडचे.” त्यांनी खाल्लं. आणखी मागितलं. पुन्हा खाल्लं. पान पुरतं रिकामं झाल्यावर मी टाळी वाजवून जाहीर केलं, “फसलात! मनुके नव्हेत, तुमचंच मोह आहे!”

शेजारी बाईंचे यजमान बसले होते. त्यांचा हात पानाकडे निघाला होता, तो तिथेच थांबला. बाई उठल्या, चूळ भरली, हात धुतले आणि पदर सावरून बाहेर गेल्या. कोणी मला काहीच बोललं नाही, म्हणून काहीतरी भयंकर झालंय हे मला कळलं.

काय झालं ते मग यजमानांनी सांगितलं. गावात नवं मोह वेचायला, वाळवायला मनाई नाही; पण पंडुम होईपर्यंत, म्हणजे नव्याचा सण होईपर्यंत, ते कोणी तोंडात घालत नाही. सणाच्या दिवशी एका घरची थोरली बाई ते पहिल्यांदा शिजवते, आधी जमिनीला देते, मग गावाला. शिजवण्याचा हा मान घराघरांतून फिरतो, वर्षाला एक घर. त्या वर्षी बारी बाईंच्या घरची होती. आणि शिजवणारीनेच आधी खाल्लं तर बारी पुढच्या घरी जाते. दंड नाही, शिक्षा नाही. फक्त बारी जाते, आणि गावातली तीसेक घरं फिरून मगच परत येते.

बाई गायत्याकडे, म्हणजे गावच्या पुजाऱ्याकडे गेल्या होत्या. स्वतःच सांगायला. परत आल्यावर त्यांनी मला एवढंच सांगितलं, “गायत्याले म्हनलं, मनुके म्हनून देल्लं, मी खाल्लं.”

मी हमसून रडले. आधीच्या तीन दिवसांपेक्षा जास्त.

“जाऊ दे वं,” बाई म्हणाल्या. “बारी फिरून येते.”

त्या गावात मी नऊ वर्षं राहिले. नंतर बदल्या होत गेल्या, गोंडपिपरीकडे, मग चंद्रपुरात, मग निवृत्ती. बाईंकडे जाणं-येणं राहिलं. यजमान गेले, मुलगा शेतीला लागला, नात शिकली. शिऱ्याची गोष्ट बाईंच्या घरात विनोद म्हणून सांगितली जाते. ‘मास्तरीन बाईनं आजीले मनुके खाऊ घातले’ म्हणून पोरं हसतात. मीही हसते. आत कुठेतरी मात्र तो विनोद मला कधी पचलेला नाही.

यंदा मार्चमध्ये बाईंच्या नातीचा फोन आला. तिच्या बचत गटाला आमच्या महोत्सवात स्टॉल मिळाला होता. “आन् मॅडम, आजीचा सत्कार हाय. मोह वेचनाऱ्या जुन्या बाया म्हनून. थे संयोजक म्हनतात, आजी आली पाह्यजे. आजी म्हनते, मास्तरीन बाईच्या घरी उतरतो, मंग येतो.”

शनिवारी दुपारी दोघी एसटीने आल्या. बाई आता सत्तरीच्या पुढे. वाळल्या आहेत, डोळ्यांत पाणी असतं, पण पायरी चढताना भिंतीला हात लावत नाहीत. आल्या आल्या पाणी प्यायल्या, पंख्याखाली बसल्या आणि म्हणाल्या, “यंदा बारी आमच्या घरची हाय.”

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

“कधी?”

“बुधवारी पंडुम हाय. चार दिस राह्यले.” त्या हसल्या. “तू या साली शिरा नको करजो.”

नात खो खो हसली. मी चहा टाकायला आत गेले आणि ओट्याशी उगाच उभी राहिले. आता ही बारी गेली तर पुढची यायला पुन्हा तीस वर्षं. बाईंना ती दिसणार नव्हती. मलाही बहुधा नाही. चार दिवस. मी मनातल्या मनात घरातले डबे तपासले. मोहाचं काही नव्हतं. तरी पोहे करताना मी चारदा पाहिलं की मी पोहेच करते आहे.

कार्यक्रम पाचचा होता, म्हणून आम्ही सहाला निघालो. पाहुणे सातला येतात हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. मंडपाच्या तोंडाशी यंदाही कुंडी होती. बाईंनी पान चोळून बघितलं आणि पुढे झाल्या. बॅनरवर पाहुण्यांचा चेहरा टोपलीएवढा होता, आणि मोहाचं फूल कोपऱ्यात, तेही चित्रकाराने मोगऱ्यासारखं काढलेलं. शाळेच्या मुली डोक्यात प्लास्टिकची पिसं खोचून उन्हाने हैराण उभ्या होत्या. स्टॉलवर मोहाचा जॅम, मोहाची बिस्किटं, मोहाचा साबण. मोहाचं सरबत होतं, त्यावर ‘नशा होत नाही’ ही अक्षरं सरबताच्या नावापेक्षा मोठी होती, बहुतेक त्यामुळेच तिथे गर्दी नव्हती.

नातीच्या स्टॉलवर सुकं मोह होतं, टोळीचं म्हणजे मोहाच्या बियांचं तेल, चारोळी, हिरडा. खायचं काहीच नाही. “पंडुम नाई झाला, मंग शिजवाव कसं?” ती म्हणाली. “संयोजक नाराज होते. म्हनत होते, लाडू तरी आना. आमी नाई म्हनलं, तं लाडू त्याहीनं इथीच बनवून घेतले.”

तिथेच तिने माझ्या हातात कार्यक्रमाची पत्रिका दिली. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, सत्कार. त्याखाली ठळक अक्षरांत: ‘पहिला घास. प्रमुख पाहुणे व ज्येष्ठ मोहवेचक आजी एकमेकांना नव्या हंगामाच्या मोहाचा लाडू भरवतील.’

मी वर बघितलं. स्वयंसेवक बाईंना धरून मंचाकडे नेत होते.

संयोजक जाकीट घातलेले, घामाने डबडबलेले, पण उत्साही गृहस्थ होते. वाईट माणूस मुळीच नाही. वर्षातले दोन महिने ते या कार्यक्रमासाठी धावतात हे मला माहीत आहे. मी त्यांना गाठलं.

“आजींना लाडू देऊ नका,” मी म्हटलं.

“शुगर आहे का? छोटा तुकडा घेतील, मॅडम.”

“शुगर नाही. त्यांच्या गावचा सण व्हायचाय. त्याआधी नवं मोह खायचं नसतं त्यांना.”

“अहो, मग हाच तर सण आहे!” ते खरोखर आनंदाने म्हणाले.

“त्यांचा बुधवारी आहे.”

“बुधवारी पाहुण्यांना वेळ नव्हता.” मग माझा चेहरा बघून त्यांनी आवाज खाली आणला. “मॅडम, फोटोपुरतं ओठाला लावतील. थीमच ‘पहिला घास’ आहे. सगळ्या वर्तमानपत्रांना तेच सांगितलंय.”

थीमपुढे माणसाचं काही चालत नाही हे मी नोकरीत शिकले आहे. दरम्यान नात मंचाच्या पायऱ्यांपर्यंत पोचली होती. तिथल्या स्वयंसेवकाने हात आडवा केला. “ताई, पास?”

“माही आजी हाय ते!”

“आजीकडे पास आहे. तुमचा?”

पाहुणे आले, दिवे लागले, स्वागतगीत झालं. मी पहिल्या रांगेच्या कडेला जाऊन उभी राहिले. रांगेत आमच्या गल्लीतले चाचा बसले होते. वनोपजाचा त्यांचा व्यवसाय वडिलांपासूनचा. मोह, चिंच, डिंक, लाख, सगळं त्यांच्या गोदामातून जातं. प्रतिष्ठित नागरिक म्हणून दर वर्षी त्यांना पहिल्या रांगेत बसवतात आणि दर वर्षी ते भाषणांत झोपतात. “बैठो नं मॅडम,” त्यांनी बाजूची खुर्ची सरकवली. मी बसले नाही.

पाहुण्यांचं भाषण फुलापासून सुरू होऊन रस्त्यांवर गेलं आणि बराच वेळ परत आलं नाही. बाई मंचावर खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या. शाल खांद्यावर, नारळ मांडीवर, नजर कुठेतरी तटाच्या वरच्या रेषेवर. मी त्यांच्याकडे बघून मान हलवत होते, नाही, नाही, घेऊ नका. त्यांना ते एवढ्या लांबून दिसत नव्हतं. दिसलं असतं तरी त्यांना कसं कळावं? लाडू कशाचा आहे हे तिथे कोणी त्यांना सांगणार नव्हतं. निवेदिकेची मराठी त्यांना माझ्यासारखीच कागद वाचल्यासारखी वाटत असणार. आणि त्या कुणाच्या हातचं नाकारत नाहीत. तीस वर्षांपूर्वी माझ्या हातचं नाकारलं नव्हतं.

“आणि आता, पहिला घास!”

ताटात लाडू आले. पाहुण्यांनी एक उचलला, हसऱ्या चेहऱ्याने बाईंच्या तोंडाशी नेला. छायाचित्रकार पुढे सरसावले. मी मंचाकडे धावले असं मला आठवतं. चाचा म्हणतात, दोन पावलं टाकून मी माइकच्या वायरीत अडकले.

बाईंनी तोंड उघडलं नाही. पाहुण्यांच्या हातातून लाडू काढून स्वतःच्या हातात घेतला. पाहुण्यांचा हात हवेत तसाच राहिला. बाईंनी लाडू फोडला. अर्धा दिव्याकडे धरून आतून बघितला. बोटांनी थोडा कुस्करला. नाकाशी नेला. मग दुसरा अर्धा नाकाशी नेला. “आजी, इकडे बघा! आजी, स्माइल!” चालूच होतं. बाईंना कसलीही घाई नव्हती. बाजारात धान घेताना मूठभर हातात घेऊन बघतात तसं सगळं सावकाश चाललं होतं. महोत्सवाच्या आयुष्यात प्रथमच असेल, मंचावर एक सबंध मिनिट कोणी कोणासाठी तरी थांबलं होतं.

मग बाई मोकळेपणाने हसल्या आणि अख्खा लाडू खाल्ला.

टाळ्या पडल्या. मी वायरीतून पाय सोडवून तिथेच उभी राहिले. माझ्यामागे नात रडत होती.

सत्काराच्या गर्दीतून बाई खाली आल्या तेव्हा त्यांच्या पदराच्या टोकाला एक गाठ होती. ती सोडून त्यांनी दुसरा लाडू काढला, अर्धा नातीला दिला, अर्धा मला.

“आजी, काऊन खाल्लं वं?” नात म्हणाली. “बारी गेली नं आपली!”

“कायची गेली?” बाईंनी तिच्याकडे बघितलं. “गुदस्ताचं हाय थे. यंदाचं फूल नाई त्याच्यात एक बी.”

“तुले कसं मालूम?”

“पावसाळा पेलेलं फूल हाय. आतून काळं पडते, वास आंबूस येते. गूळ टाका नाई तं तूप टाका, वास मरते का?” मग माझ्याकडे वळून, “खाय वं. आंबूस हाय, पन खाय.”

मी चाचांकडे बघितलं. ते ताटातला लाडू खात होते.

“चाचा, हे मोह तुमच्या गोदामातलं?”

“और कहाँ का होगा?” ते म्हणाले. “मागच्या मोसमचं हाय. नवं फूल अजून गोदामात आलं बी नाई, मॅडम. त्याचे लाडू बनले असते का?”

“पण बॅनरवर नव्या हंगामाचं म्हटलंय.”

“बॅनर माह्या गोदामातलं नाई नं.”

मला इतकं हसू आलं की मी चाचांनी मघा सरकवलेल्या खुर्चीवर बसले. नवलाईच्या महोत्सवात जुनं मोह. या सोहळ्यांना मी इतकी नावं ठेवली, पण त्यांच्या खोटेपणाचे आभार मानायची वेळ पहिल्यांदाच आली होती. त्या क्षणी संयोजकांनी समोर येऊन शाल पुढे केली असती तर मी ती त्यांनाच पांघरवली असती.

नात स्टॉल आवरायला थांबली. बाई आणि मी तटाच्या कडेकडेने घरी निघालो. तटाचे दगड दिवसभर तापलेले, शेजारून चालताना अंगाला ऊब लागत होती. बाई मधूनच त्यावर तळवा टेकवून बघत होत्या. माझ्या हातात अजून तो अर्धा लाडू होता. मी तो तोंडात टाकला. मला तो लाडूसारखा लागला. गोड. आंबूस वगैरे काही मला कळलं नाही.

आणि त्या घासाबरोबर माझी पावलं मंदावली. ज्या बाईला गुळातुपात वळलेल्या लाडवात एक पावसाळा कळतो, तिला माझ्या शिऱ्यात काय कळलं नसेल? तिच्याच अंगणातली फुलं, तिने स्वतः वेचलेली, स्वतः वाळत घातलेली. आणि मी म्हणाले, मनुके.

तीस वर्षं हा प्रश्न मला पडला नव्हता. शिकवणाऱ्या माणसाला समोरच्याला काय माहीत नाही याचीच सवय लागते.

“बाई,” मी म्हटलं, “तेव्हा माझा शिरा खाल्लात...”

“हो.”

“तुम्हाला कळलं नव्हतं?”

बाई चालत राहिल्या. 

“मनुके मी कधी खाल्ले नोहोते,” त्या म्हणाल्या. “मनुका कसा लागते, मले काय मालूम? मोह कसं लागते, थे मालूम होतं.”

“पहिल्या घासाला?”

“घासाले कायले? तू तुपात टाकलं तवाच. मी अंगनात होतो.”

“मग थांबवलं का नाही मला? सांगायचं नाही का?”

“तीन दिस रडून राह्यली होती तू. खात नोहोती. चौथ्या दिशी उठून चुलीपाशी बसली, गानं म्हनत होती.” त्यांनी पुन्हा दगडाला हात लावला. “तवा कोन सांगल वं, पोरी, हे उतरव म्हनून?”

“पण दुसऱ्यांदा मागून घेतलंत!”

“एकदा गेली तं गेली बारी. मंग अर्धं पोट कायले ठेवाव?”

 गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर मी विचारलं, “आणि मी टाळी वाजवून सांगितलं नसतं तर? कोणालाच कळलं नसतं.”

बाई थांबल्या. माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी पुन्हा त्या पहिल्या वर्षातली बाई झाले.

“मले कळलं होतं नं,” त्या म्हणाल्या. “मी गायत्याले सांगतलंच असतं. मनुके म्हनून देल्लं हे खरंच होतं. तेवढंच सांगतलं. तुहं नाव खराब काऊन करू?”

पंडुमसाठी मी गावी गेले. रविवारीच दोघींना एसटीत बसवून दिलं होतं. मंगळवारी संध्याकाळी मी पोचले आणि जुन्या खोलीत झोपले. पहाटे उठले तेव्हा बाईंचं न्हाणं झालेलं, लुगडं नवं, चूल सारवलेली. मी ओटीवर बसले. बाईंनी सांगितलं होतं, “बसजो, पन हात नको लावजो कायले.” मी हात मांडीखाली ठेवले होते.

त्या दिवशीचं सगळं सांगत नाही. ते माझं नाही, त्यांचं आहे. मंच नव्हता आणि माइक नव्हता एवढं सांगते. गायता म्हणजे आता जुन्या गायत्याचा मुलगा, माझा विद्यार्थी, सात आणि आठचे पाढे ज्याला कधी आले नाहीत तो. तो काहीतरी हळू पुटपुटला. बाईंनी मडक्यातलं पहिलं मोह पळसाच्या पानावर घेऊन जमिनीवर ठेवलं.  मग सगळ्यांना वाढलं. लोक खाली बसून, गप्पा मारत, घाईने खाऊ लागले, कारण उन्हं चढायच्या आत सगळ्यांना पुन्हा झाडाखाली जायचं होतं. एक म्हातारी ओरडून म्हणाली, “मीठ कमी हाय वं!” आणि बाईंनी तिला तितक्याच मोठ्याने सुनावलं, “तुह्या बारीले तं करपलं होतं!”

सगळं आवरल्यावर बाई माझ्याशेजारी ओटीवर येऊन टेकल्या. थकल्या होत्या. मी पिशवीतून एक पुडी काढली आणि त्यांच्या तळव्यावर चार मनुके ठेवले.

“हे काय?”

“मनुके. खरे.”

त्यांनी एक उचलला, बोटात दाबला, उन्हाकडे धरला, वास घेतला. मग तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळला. मी वाट बघत होते.

“आंबट हाय,” त्या म्हणाल्या. उरलेले तीन त्यांनी माझ्या हातात परत दिले. “तुहे चांगले होते.”